येवला ते नागपूर: मधली एकवीस वर्षं

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याला भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की, हिंदू म्हणून जन्माला येणं आपल्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून मरायचं नाही एवढं मात्र आपल्या हाती आहे. समोर दहा हजारांच्या आसपास माणसं होती. हा धर्म सोडून कोणत्या धर्मात जायचं, हे त्या दिवशी त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण ते ठरलेलंच नव्हतं. नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला. येवल्याला विशीत असलेला कार्यकर्ता नागपूरला चाळिशी ओलांडून पोचला, त्याची मुलं हाताशी आली, आणि येवल्याला हजर असलेली कितीतरी माणसं मधल्या काळात हिंदू म्हणूनच वारली.

शाळेच्या पुस्तकात या दोन तारखा एकाच परिच्छेदात येतात. पहिल्या वाक्यात घोषणा होते आणि दुसऱ्यात दीक्षा. वाचणाऱ्या मुलाला वाटतं, ठरलं आणि झालं. दोन्ही दिवसांचे वर्धापनदिन साजरे होतात, त्यांवर व्याख्यानं होतात, विशेषांक निघतात. प्रस्तुत पुस्तकाचा विषय मात्र मधली वर्षं हा आहे. संपादकांनी प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा माझ्या मनात पहिली शंका आली ती ही की, ज्या काळात मोठं असं काही ‘घडलं’ नाही त्यावर एवढी पानं कशाला? हस्तलिखित वाचून होईपर्यंत शंका फिटली. नेत्याची खरी परीक्षा या न घडण्याच्या काळातच होत होती.

नेतृत्वावरच्या लिखाणाला निर्णयाच्या क्षणाचं फार वेड असतं. नेता खिडकीपाशी उभा आहे, कपाळावर आठी आहे, आणि मग तो वळून काहीतरी ठाम बोलतो, अशी चित्रं आपल्याला आवडतात. हल्ली कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गात ‘चेंज मॅनेजमेंट’ शिकवतात, तिथल्या तक्त्यांत बदल तिमाहीच्या हिशेबाने मोजला जातो. मी अशा एक-दोन वर्गांना पाहुणा म्हणून बसलो आहे. त्या मंडळींना नावं ठेवायची नाहीत, त्यांची गरज वेगळी असते. पण कंपनीतला माणूस फार तर टेबल बदलतो किंवा नोकरी सोडतो. येवल्याच्या मांडवातल्या माणसाला देव, सणवार, लग्नाचे आणि मर्तिकाचे विधी, सोयरिकीचं गणित, गावातली जागा आणि पोटाची व्यवस्था एवढं सगळं एकाच वेळी हलवायचं होतं. ज्याच्याकडे गमवायला काही नाही तो बदलाला चटकन तयार होतो, असं आपण सहज म्हणतो. अनुभव उलट आहे. ज्याच्याकडे अगदी थोडं असतं, तो ते थोडं सोडताना सगळ्यात जास्त भितो.

ते थोडं काय होतं, हे आधी नीट पाहायला हवं. महार वतनाच्या बदल्यात घराने रात्रंदिवस गावाच्या आणि सरकारच्या हाकेला हजर राहायचं. येसकरीची पाळी, चावडीवरचं बोलावणं, अंमलदारामागे दप्तर घेऊन पळणं, परगावी सांगावा पोचवणं, शिवेच्या भांडणात साक्ष, मेलेलं जनावर ओढून नेणं. कर्ता पुरुष आजारी असला तर बायको जाई, नाहीतर पोरगं जाई. मोबदला म्हणजे वतनाच्या जमिनीतला वाटणीने उरलेला तुकडा, खळ्यावरचं बलुतं आणि दारोदार फिरून मागितलेली भाकर. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात यासंबंधीच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. ते पुढे मागे घ्यावं लागलं. वतन कायद्याने गेलं १९५८ साली, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी. या विधेयकाला विरोध काही फक्त सवर्णांनी केला असं नाही. वतनाच्या तुकड्यावर जीव असलेले महारही नाराज होते, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. जमीन गेली तर दुसरं काय, या प्रश्नाला तेव्हा कुणापाशीच खात्रीचं उत्तर नव्हतं.

मेलेल्या जनावराचंही तसंच. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली: मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळंपाकं उष्टं मागणं सोडा. ऐकायला हा स्वच्छतेचा आणि स्वाभिमानाचा उपदेश वाटतो. बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ वाचलेल्या माणसाला कळतं की काही घरांत चूल पेटण्याचं तेवढंच निमित्त असे. म्हणजे नेता लोकांना त्यांच्या ताटातलं अन्न सोडायला सांगत होता आणि बदल्यात ताबडतोब देण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. ढोरं ओढायचं बंद केल्यावर गावागावांत बहिष्कार पडले, मजुरी तुटली. विरोधकांनी हिशेब मांडले. शिंगं, खुरं, कातडं यांचं एवढं उत्पन्न महार हकनाक बुडवताहेत, असं ‘केसरी’त आलं. बाबासाहेबांना ही गोष्ट इतकी लक्षात राहिली होती की जवळजवळ तीस वर्षांनी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या भाषणात त्यांनी ती पुन्हा सांगितली: एवढा फायदा आहे तर हे काम तुम्हीच करा, पाचशे रुपयांचं उत्पन्न तर मिळेलच, वर आणखी पाचशे मी देतो. सभेत हशा पिकला असणार. पण या थट्टेत धोरणाचा गाभा आहे. पैशाचा तोटा होणार, हे त्यांनी कुठेच नाकारलं नाही. तोटा आहे, तो मोजलेला आहे, आणि तरीही हे करायचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. बदल घडवू पाहणारे बहुतेक लोक इथे कच खातात. ते तोटा लपवतात किंवा त्याला ‘तात्पुरती गैरसोय’ म्हणतात, आणि पहिल्या उपाशी रात्री लोकांचा विश्वास उडतो.

महाडचाच दुसरा प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याविषयी तुलनेने कमी लिहिलं जातं. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्यावर पुन्हा सत्याग्रह करायचा म्हणून हजारो माणसं महाडला जमली. मार्चमध्ये पाणी प्यायल्यावर त्यांच्यातल्या अनेकांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. या खेपेला तुरुंगात जायच्या तयारीने ती आली होती, नावनिशीवार सह्या झाल्या होत्या. आणि परिषदेच्या थोडे दिवस आधी विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. आता तळ्याला हात लावायचा म्हणजे फक्त सनातन्यांशी नव्हे, सरकारशीही भांडण ओढवून घ्यायचं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर बाबासाहेबांनी त्या तापलेल्या मांडवाला सत्याग्रह तहकूब करायला राजी केलं. लोकांनी मिरवणूक काढली, तळ्याला वळसा घातला आणि पाण्याला न शिवता ते परत आले. खटला उच्च न्यायालयात जिंकला तो मार्च १९३७ मध्ये.

माणसं पेटवणं कठीण नसतं. पेटलेल्या माणसांना घरी पाठवणं, तेही हार झाल्यासारखं वाटू न देता, याला वेगळ्याच वजनाचा माणूस लागतो. त्या दिवशीचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर चळवळीत नंतर वाद झाले आणि ते व्हायलाही हवे होते. माझं स्वतःचं मत असं की, हातात फार थोडी माणसं आणि त्याहून थोडा पैसा असलेल्या चळवळीला एकाच वेळी दोन शत्रू परवडत नव्हते. पण मांडवात बसलेल्या, भाकरी बांधून कोकणातून आणि घाटावरून पायी आलेल्या माणसाला हे गणित पटवून द्यायचं होतं, आणि तेही तिथल्या तिथे.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं नेटाने चालवला. दरवर्षी रामनवमी यायची, रथ निघायचा, अटका व्हायच्या, दार बंदच राहायचं. ३ मार्च १९३४ ला बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात आपला हेतू उघड केला आहे. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून किंवा मंदिरात गेल्याने समता येईल म्हणून ही चळवळ काढली नव्हती. लोकांत चेतना यावी, आपली जागा कुठे आहे हे त्यांना कळावं, यासाठी ती होती. ते काम झालं आहे, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. पुढच्या वर्षी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली आणि मंदिराचा सत्याग्रह थांबवायचंही तिथेच ठरलं. ज्या कार्यकर्त्यांनी पाच वर्षं त्या दाराशी मार खाल्ला त्यांना ‘ते दार आता नको’ असं सांगणं किती अवघड गेलं असेल, याची कल्पना करावी. एका मार्गावर लोकांचं रक्त सांडलं की तो मार्ग सोडणं नेत्याला जवळजवळ अशक्य होतं, कारण मागे वळणं म्हणजे त्या रक्ताचा अपमान असं सगळ्यांना वाटू लागतं. बाबासाहेबांनी यातून काढलेली वाट पाहण्यासारखी आहे. सत्याग्रह फसला असं ते म्हणाले नाहीत आणि जिंकला असंही म्हणाले नाहीत. त्यातून जे कळायचं होतं ते कळलं, असं त्यांनी सांगितलं.

येवल्यानंतर देशभर खळबळ उडाली. धर्म म्हणजे मनाला येईल तेव्हा बदलावं असं घर किंवा अंगरखा नव्हे, अशा आशयाचं महात्मा गांधींचं निवेदन दोन दिवसांत आलं. मुसलमान, ख्रिस्ती आणि शीख संस्थांकडून आमंत्रणं येऊ लागली. एप्रिल १९३६ मध्ये बाबासाहेब अमृतसरला शिखांच्या परिषदेला गेले. त्या सुमारास शीख धर्माचा विचार बराच पुढे गेला होता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षपदासाठी बोलावून भाषणाच्या मजकुरावरून परिषदच रद्द केली. तेच भाषण त्यांनी स्वखर्चाने छापलं, आज ते ‘जातिभेद निर्मूलन’ म्हणून ओळखलं जातं. या सगळ्या हकिकती पुस्तकात तपशिलाने आहेत. माझ्या मते मात्र त्या वर्षीचा सगळ्यात मोठा प्रसंग घरचा आहे.

३० आणि ३१ मे १९३६ ला मुंबईत फक्त महारांची परिषद भरली. फक्त महारांची का, असा आक्षेप तेव्हा आला आणि आजही येतो. बाबासाहेबांनी भाषणाच्या सुरुवातीलाच त्याचं उत्तर दिलं. इथे हिंदूंपाशी काही मागायचं नाही, आपण स्वतःचं काय करायचं एवढंच ठरवायचं आहे, आणि ते ज्या त्या जातीने आपापलं ठरवावं, म्हणजे कुणाचा कौल खरा किती आहे ते कळेल. मग त्यांनी नावाड्याचा दाखला दिला. प्रवासाला निघण्याआधी नावाडी तयारी करतो, पण किती उतारू येणार हे कळल्याशिवाय त्याला तयारी तरी कशी करता येणार? तुमच्यातले किती जण हा धर्म सोडायला तयार आहेत, हे आधी मला सांगा.

येवल्याची घोषणा त्यांनी स्वतःपुरती केली होती. इथे ते लोकांना विचारत होते, आणि विचारण्याआधी दोन्ही बाजू मांडत होते. ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध असलेलं हे भाषण लांबलचक आहे, त्यात घोषणाबाजी कमी आणि वकिली जास्त आहे. समोर गिरणीत काम करणारे, गोदीत हमाली करणारे, खेड्यातून आलेले लोक बसलेले असताना त्यांनी एकेक शंका घ्यावी आणि तिचा निकाल लावावा. धर्म बदलून भाकरी मिळणार आहे का? पूर्वजांचा धर्म सोडावा का? पळून जाण्यापेक्षा घरात राहून सुधारणा का करू नये? पुणे करारात मिळालेल्या राखीव जागांचं काय? या शेवटच्या प्रश्नावर ते बराच वेळ थांबले. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाचा हक्क सोडून, गांधीजींच्या उपोषणाच्या सावटाखाली, प्रांतिक विधिमंडळांतल्या १४८ राखीव जागा त्यांनीच पदरात पाडून घेतल्या होत्या. त्या जाण्याची भीती बोलून दाखवणाऱ्या माणसाला त्यांनी भित्रा ठरवलं नाही. राजकीय हक्कांच्या आधारावर कायमचं विसंबून राहता येत नाही, कधी ना कधी स्वतःच्या बळावर उभं राहावंच लागेल, एवढंच सांगितलं. भाषणाचा शेवट त्यांनी बुद्धाने आनंदाला केलेल्या अखेरच्या उपदेशाने केला: दुसऱ्या कुणाचा आधार न शोधता आपणच आपला दीप व्हावं. नागपूरला तेव्हा वीस वर्षं अवकाश होता. बुद्ध तिथे आधीच येऊन बसला होता, एवढं खरं. पण त्यावरून सगळं १९३६ मध्येच ठरलं होतं, असा निष्कर्ष काढण्याचा मोह संपादकांनी टाळला, ते बरं केलं.

कारण मधल्या वर्षांना योजना म्हणणं म्हणजे इतिहासाला इस्त्री करणं. १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि १९३७ च्या निवडणुकीची धामधूम सुरू झाली. त्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांसमोर उभे होते पी. बाळू, एके काळचे नामांकित फिरकी गोलंदाज. ते चांभार समाजातले, आणि धर्मांतराचे विरोधक. बाबासाहेब जिंकले, पण बाळूंच्या उमेदवारीतून जी फट दिसली ती पुढे कधी बुजली नाही. शिखांच्या सहकार्याने मुंबईत खालसा कॉलेज उभं राहिलं, शीख होण्याचा विचार मात्र मागे पडला. मग महायुद्ध, व्हाइसरॉयच्या मंडळातलं मजूरमंत्रिपद, घटनासमिती, कायदेमंत्रिपद, हिंदू कोड बिल, सप्टेंबर १९५१ मधला राजीनामा, १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात लोकसभेच्या निवडणुकीत झालेला पराभव. या गर्दीत धर्मांतर कधी कधी इतकं मागे गेलं की विरोधक विचारू लागले, काय झालं त्या घोषणेचं? अनुयायीही विचारत असणारच.

मात्र ज्या कामाला तेव्हा कुणी धर्मांतराची तयारी म्हटलं नसतं ते चालू होतं. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद. नावांतच दिशा दिसते. मराठवाड्यातली, खानदेशातली, विदर्भातली मुलं या महाविद्यालयांत शिकली आणि पुढे शिक्षक, कारकून, वकील, लेखक झाली. नव्या धर्मात लोकांबरोबर वाचू-लिहू शकणारी एक फळी असणं किती गरजेचं होतं, हे आपल्याला मागे वळून पाहताना कळतं. बाबासाहेबांनी ते आधी ओळखलं होतं की नाही, हे मी ठामपणे सांगणार नाही. १९५० पासून मात्र वेग वाढतो. त्या वर्षी ते सिंहलद्वीपला बौद्ध परिषदेला गेले, बुद्ध आणि त्याच्या धर्माचं भवितव्य यावर त्यांचा इंग्रजी लेख आला. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनची परिषद आणि परत आल्यावर देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना झाली. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा निघाली. आणि २४ मे १९५६ ला मुंबईच्या नरे पार्कात, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाल्याच्या वर्षात, येत्या ऑक्टोबरमध्ये दीक्षा घेणार असल्याचं त्यांनी सांगितलं. तब्येत पार ढासळली होती. डोळे अधू, पाय दुखरे, मधुमेह जुना. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’चं लेखन चालू होतं, ते छापून आलं १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात.

नागपूर का निवडलं, यावर तेव्हा तर्कवितर्क झाले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं मुख्यालय तिथे म्हणून, असं काहींनी लिहिलं. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबरच्या भाषणात ते फेटाळलं. प्राचीन काळी बौद्ध धर्म पसरवणाऱ्या नाग लोकांशी या भूमीचं नातं त्यांनी सांगितलं. व्यवहारातलं एक कारण मला वाटतं तेही कमी महत्त्वाचं नव्हतं. वामनराव गोडबोले आणि त्यांचे सहकारी तिथे काम करत होते, आणि व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मोकळं मैदान मिळालं. नागपूरच्या महार वस्त्यांत तोवर संघटनेची किती बारीक वीण तयार झाली होती, हे वसंत मूनांच्या ‘वस्ती’त दिसतं. आखाडे, भजनीमंडळं, समता सैनिक दलाच्या कवायती, गिरणीतल्या पाळ्या सांभाळून चालणारी वाचनालयं. एवढ्या लोकांना उतरवून घ्यायचं, पाणी पाजायचं, ओळीत बसवायचं, तर ते आदेशाने होत नाही. त्यासाठी रोज संध्याकाळी एकमेकांना भेटण्याची सवय असलेली माणसं लागतात.

विजयादशमीच्या त्या सकाळी मैदानात किती लोक होते, याचे अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आहेत. पांढरं नेसून या, असा निरोप होता, त्यामुळे मैदान पांढरं दिसत होतं. कुशीनाऱ्याचे वृद्ध महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांना त्रिशरण आणि पंचशील दिलं. यानंतर जे झालं ते रूढ परिपाठाला सोडून होतं. भिक्षूंनी पुढे येऊन सर्वांना दीक्षा द्यावी, असं कुणालाही वाटलं असतं. तसं न करता, नुकतेच स्वतः उपासक झालेले बाबासाहेब लोकांकडे वळले आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनी उभं राहावं असं म्हणाले. मैदान उभं राहिलं. मग त्यांनी स्वतः शरण आणि शील दिलं, आणि त्याला जोडून बावीस प्रतिज्ञा दिल्या.

या प्रतिज्ञांवर धर्मशास्त्राच्या अंगाने पुष्कळ टीका झाली आहे. बुद्धाच्या धर्मात इतका नकार कशाला, असं म्हणणारे विद्वान आहेत. मला त्या वाचताना दुसरंच जाणवतं. त्यांत तत्त्वज्ञानाची भाषा कमी आणि घरातल्या कामांची भाषा जास्त आहे. ब्रह्मा-विष्णू-महेश मानायचे नाहीत, गौरी-गणपती पुजायचे नाहीत, श्राद्धपक्ष आणि पिंडदान करायचं नाही, कोणताही विधी ब्राह्मणाकडून करून घ्यायचा नाही, चोरी करायची नाही, दारू प्यायची नाही. दीक्षा घेऊन माणूस गावी परतला की चार दिवसांत त्याच्यासमोर येणारे प्रश्न नेमके हेच. सासू म्हणणार, भाद्रपद आला, पितरांचं काय? भाऊ म्हणणार, पोरीचं लग्न कोण लावणार? पोतराज दारात येणार, मरिआईच्या नावाने पसा मागणार. त्या वेळी त्याला ग्रंथ उघडायला वेळ नसतो आणि बहुधा ग्रंथ वाचताही येत नसतो. बावीस वाक्यं मात्र तोंडपाठ करता येतात. बदलाच्या पहिल्या दिवसापेक्षा दुसरा दिवस कठीण असतो, आणि त्या दुसऱ्या दिवसाची सोय नेत्याने पहिल्याच दिवशी माणसाच्या पदरात घातली होती.

आणि तसंच झालं. गावोगावी देव्हारे उठले. टाक, मूर्ती, परड्या नदीत गेल्या, काही ठिकाणी विहिरीत. काही घरांत म्हातारीने एखादा टाक उतरंडीत लपवून ठेवला, हेही या पुस्तकातल्या आठवणींत येतं आणि ते आलं म्हणूनच त्या आठवणींवर माझा विश्वास बसला. जोहार गेला, जयभीम आला. लग्नं बुद्धाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावून होऊ लागली. १९५१ च्या शिरगणतीत पुढे महाराष्ट्र झालेल्या भागात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते, १९६१ मध्ये सुमारे अठ्ठावीस लाख.

आता जमेच्या शेजारची बाजू. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेल्याला त्या जातींच्या सवलती मिळणार नव्हत्या. दीक्षा घेणारा प्रत्येक जण शिष्यवृत्ती, नोकरीतली राखीव जागा, निवडणुकीतला हक्क यांवर पाणी सोडत होता. १५ ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी हा प्रश्न स्वतःहून काढला. हे हक्क मी मिळवून दिले आहेत, पुन्हा मिळवून देईन, माझ्यावर विश्वास ठेवा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. लोकांनी विश्वास ठेवला. त्यानंतर पावणेदोन महिन्यांत, ६ डिसेंबरला, ते गेले.

इथे माझी तक्रार आहे, आणि प्रस्तावना गौरवापुरतीच असावी असं संपादकांनी मला सांगितलेलं नाही, म्हणून ती लिहितो. १९३६ मध्ये लोकांना दुसऱ्या कुणाचा आधार शोधू नका असं सांगणारा नेता १९५६ मध्ये सगळ्यात अवघड प्रश्नावर स्वतःच्या नावाची हमी देत होता. दुसऱ्या फळीला स्वतंत्र वजन येईल अशी रचना झाली नव्हती. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला निघाला आणि दोन वर्षांच्या आत त्यात फूट पडली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या, पण केंद्राचा आदेश बदलायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षांत एक अख्खी पिढी शिकून, अर्ज करून, नाकारली जाऊन वयात बाद झाली. काहींनी कागदावर जुनी जात ठेवली आणि घरात धम्म पाळला. त्यांच्यावर दुटप्पीपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी त्यांच्या घरातला महिन्याचा हिशेब पाहिलेला नसतो. चांभार आणि मांग समाज मोठ्या संख्येने आले नाहीत, आणि १९३६ ची परिषद जातवार घेण्यात जी सावधगिरी होती तिचीच ही दुसरी बाजू होती, असं मला वाटतं.

तरीही लोक मागे फिरले नाहीत. १६ डिसेंबर १९५६ ला मुंबईत दीक्षा समारंभ व्हायचा होता. त्याआधीच ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी दीक्षा दिली आणि लाखभर लोकांनी ती घेतली. पुढारी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, हक्क परत मिळवून देण्याचं वचन देणारा माणूस समोर निजलेला असताना, या माणसांनी सवलती सोडल्या. याला भावनेचा भर म्हणून मोडीत काढता येत नाही, कारण पुढच्या काही महिन्यांत तेच खेडोपाडी, कुणीही मोठा नेता हजर नसताना, शेकडो ठिकाणी झालं. १९६४ च्या अखेरीला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह पुकारला तेव्हा याच वस्त्यांतून माणसं तुरुंगात गेली.

पुस्तकाविषयी दोन गोष्टी. स्त्रियांच्या आठवणी यात आहेत, पण हव्या तितक्या नाहीत. देव्हारा उठवण्याचा निर्णय पुरुषांनी मैदानात घेतला असेल, तो घरात अमलात आणला बायकांनी. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये ज्या वाटेने काम केलं त्या वाटेने अजून पुष्कळ जाता येण्यासारखं आहे, आणि मुलाखत देऊ शकणाऱ्या आज्या दरवर्षी कमी होताहेत. दुसरं असं की संपादकांनी कालानुक्रम काटेकोर पाळला आहे. अभ्यासकाला ते सोयीचं आहे. पण ज्याला एखादी संस्था, पंचायत, युनियन किंवा नुसतं एकत्र कुटुंब अवघड वळणावरून न्यायचं आहे आणि म्हणून ज्याने हे पुस्तक हातात घेतलं आहे, त्याने महाडच्या डिसेंबरपासून सुरुवात करावी, मग थेट १९३६ च्या परिषदेवर यावं, तिथल्या शंका आणि उत्तरं सावकाश वाचावीत, आणि नंतर मागची-पुढची पानं चाळावीत. परिशिष्टात वतनाच्या कामांची यादी दिली आहे, ती वगळू नये.